चार जीबीत न मावणारी दुपार

ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातली आमची गल्ली इतकी अरुंद आहे, की समोरच्यांच्या फोडणीत हिंग कमी पडला तर आमच्या गॅलरीत कळतं. त्या समोरच्या गॅलरीत जी राहायची, तिला मी इथे ‘समोरची’च म्हणणार आहे. नाव लिहिलेलं तिला खपणार नाही. शिवाय आमच्या घरात तिचं नाव तेच होतं. आमचे हे असताना जेवायला बसले की विचारायचे, “समोरचीकडे आज काय शिजलंय?” आणि तिच्या घरात मी ‘समोरची’ होते. दोन घरांत मिळून एकच नाव, पण कधी कुणाचा गोंधळ झाला नाही.

ती मुलाकडे बंगळूरूला गेली. गुडघ्यांना जिना होईना, मुलगा म्हणाला चल, आणि ती गेली. जाताना दोन गोष्टींसाठी मात्र हटून बसली. तिचा जुना टीव्ही आणि कापसाचं गाठोडं.

“आई, तिकडे सगळं मिलतं,” मुलगा म्हणाला.

“तिकडे मिळेल ते तुझं. हे माझं.”

दोन्ही ट्रकमध्ये चढलं. आता समोर एका कपडेवाल्याचं गोदाम आहे. त्यांनी खिडक्यांना आतून पुठ्ठे लावलेत. एका पुठ्ठ्यावर शाम्पूच्या जाहिरातीतली बाई आहे, लांब केस उडवणारी, पण पुठ्ठा उलटा लावल्यामुळे ती डोक्यावर उभी आहे. दुपारी गॅलरीत बसलं की माझी नजरानजर होते ती तिच्याशीच.

समोरची दुपारी वाती वळायची. तिच्या सासूने लाख वातींचा संकल्प घेतला होता, तो अर्ध्यावर टाकून सासू वर गेली. लोकांना सासूच्या पाटल्या येतात, हिच्या वाट्याला अपुरा संकल्प आला. कापसातली सरकी काढायची, पेळू ओढायचा, बोटाला दुधाचा थेंब लावायचा आणि तळहातावर वळायचं. एवढंच काम. तिला ते रोज पुरायचं.

मी तेव्हा नोकरीत होते. आमच्या सरकारी कचेरीत पहिल्यांदा कॉम्प्युटर आला तेव्हा त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती. त्या काळातली जी मी होते ना, तिच्याबद्दल बोलायला मला फार आवडतं. स्वतःचीच निंदा केली तर कुणी भांडायला येत नाही. ही बाई ऐन मे महिन्यात, बाहेर लूच्या झळा चालू असताना, खांद्यावर स्वेटर टाकून घराबाहेर पडायची. कारण कॉम्प्युटरच्या खोलीत एसी होता, आणि बाड्याच्या चौकातून जाताना ते अख्ख्या लष्कर भागाला कळायला नको? खोलीबाहेर चपला काढायच्या, आत जाताना आवाज खाली करायचा, देवघरात जातात तसं. पर्समध्ये पावडरच्या डबीशेजारी फ्लॉप्या. हळदीकुंकवाला गेली की वाणाची वाटी हातात धरून ‘हार्ड डिस्क म्हणजे काय’ यावर प्रवचन. बायका बिचाऱ्या डाळ खात ऐकून घ्यायच्या.

आणि तिला एक रोग होता. फॉरमॅटचा. हातात आलेली फ्लॉपी आधी फॉरमॅट करायची, मग बाकी काय ते बोलायचं. एकदा साहेबांनी व्हायरसची भीती घातली, तेवढी तिला जन्मभर पुरली. भांडं वापरण्याआधी विसळून घ्यावं तसं ती फ्लॉपी विसळायची. आत काय आहे ते बघायचीही नाही. “मी डोकावत नाही, सरळ साफ करते,” असं वर मान करून सांगायची. साहेबांनी बदलीसाठी रात्रंदिवस खपून तयार केलेली कैफियत तिने अशीच विसळून टाकली. साहेब शेवटपर्यंत ग्वाल्हेरलाच राहिले. पुढे त्यांना गाव आवडायलाही लागलं म्हणतात.

अशी ही बाई स्वेटर सावरत समोरच्या गॅलरीकडे बघून म्हणायची, “तू वळ वाती. मला देशाचं काम आहे.”

“कर बाई,” समोरची म्हणायची. “तिथे लाइट गेली तर ये. वात देईन.”

पुढे मी निवृत्त झाले. मग आमचे हे गेले. माणसं येऊन गेली, भांडी परत गेली, मुलगा त्याच्या देशी परतला. त्यानंतरच्या एका दुपारी मी पलंगावर नुसती बसले होते आणि समोरून वाटी वाजली. गॅलरीच्या लोखंडी कठड्यावर, टण टण, दोनदा. एवढंच. मी उठले, चपला घातल्या, जिना उतरले, गल्ली ओलांडली, तिचा जिना चढले. चहा गाळलेला होता. तिने बशी पुढे सरकवली आणि मग कापूस. काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. त्या दिवशी माझ्या हातून झाल्या त्या वाती नव्हत्या, अळ्या होत्या. तिने त्याही डब्यात टाकल्या.

तेव्हापासून रोज दुपारी चहा झाला की वाटी वाजायची आणि मी जायचे. आम्ही गप्पा मारत नव्हतो, हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. दोन बायका आणि गप्प? पण होतो. खाली टेम्पोवाले भांडायचे, कुणाचा कुकर व्हायचा, ऊन कठड्यावरून सतरंजीवर यायचं, आणि आम्ही वळत बसायचो. मधेच ती म्हणायची, “हं.” मी म्हणायचे, “हो ना.” कशाबद्दल, ते दोघींनाही माहीत नसायचं.

ती गेल्यावर पहिल्यांदा फोन आला तेव्हाच मला कळलं की आमचं काम संपलं. फोनवर गप्प बसता येत नाही.

“काय करून राहिलीस?” ती.

“काही नाही. तू?”

“मीही नाही.”

झालं. गॅलरीत जे ‘काही नाही’ दुपारभर पुरायचं, ते फोनवर चहा उतू जाण्याआधी संपायचं. आम्ही थांबलो की लगेच तिची सून मधे यायची. “हॅलो? काकू, आवाज आ रहा है? कट गया क्या?” ती मुलगी चांगली आहे. लग्नाआधी इथल्याच मुरार भागात वाढलेली, मराठीत सुरू करते आणि हिंदीत उतरते. पण शांतता झाली की तिला वाटतं काहीतरी बिघडलं. व्हिडिओ कॉलही करून पाहिला. फोन वाटीला टेकवून ठेवायचा, तो घसरायचा, आणि मग मी बराच वेळ तिच्या पंख्याशी बोलत असायचे.

मग मला एक युक्ती सुचली. स्वेटरवालीला सुचावी तशीच. बोलायचं नसेल तर बोलायचं कशाला? मी वाती वळतानाची एक अख्खी दुपार मोबाईलवर घ्यायची, पेनड्राइव्हवर घालून पाठवायची. ती आपल्या टीव्हीला लावेल. त्या टीव्हीला खाच आहे, तीत ती इथे असताना पेनड्राइव्हवरची भजनं लावायची. टीव्हीत मी, खुर्चीत ती, आणि दोघी गप्प. मधे बोलायला कुणी नाही.

थंडीतलं ऊन होतं. मोबाईल लोणच्याच्या बरण्यांवर टेकवला, चार्जिंगला लावला आणि बसले. कॅमेऱ्याकडे एकदाच बघितलं, तेही चुकून. खालून तीळगुळाचा गजक विकणारा ओरडत गेला. कबुतर कठड्यावर येऊन मला वरपासून खालपर्यंत बघून गेलं. मी शिंकले. शेजारच्या लग्नाच्या बँडवाल्यांनी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवून पाहिली. ऊन सतरंजीवरून भिंतीवर चढलं तेव्हा उठले आणि बंद केलं. इतकी चांगली दुपार मला कित्येक महिन्यांत मिळाली नव्हती, कारण ती कुणासाठी तरी होती.

लॅपटॉपवर घेतली आणि निळ्या पेनड्राइव्हवर चढवायला लागले तर नकार. फाइल फार मोठी आहे म्हणे. पेनड्राइव्ह तर रिकामा होता, चार दुपारी झोपवाव्यात इतकी जागा. पण मला लगेच ओळख पटली. हा जुना गडी. पेनड्राइव्ह दुकानातून येतो तो बहुतेक वेळा फॅट थर्टीटू नावाच्या पद्धतीने मांडलेला. पद्धत म्हणजे आत सामान कसं लावायचं आणि कुठे काय ठेवलंय ते कसं लक्षात ठेवायचं, याची रीत. ही रीत जुनी आहे, सगळ्यांना कळते, अगदी थकलेल्या टीव्हीलाही. पण तिच्यात चार जीबीहून मोठी एक वस्तू आत येत नाही. घर कितीही मोठं असो, दार तेवढंच. आमच्या लग्नातलं कपाट जिन्यातून वर येईना तेव्हा गल्लीतल्या पोरांनी दोर लावून ते गॅलरीतून ओढून घेतलं होतं. समोरची तिच्या गॅलरीतून सूचना देत होती, “सावकाश, आत नवरी नाहीये ना?” तसंच हे. माझी दुपार चार जीबीच्या दारातून जाईना.

मुलाला रविवारी विचारलं. तो म्हणाला, “आई, तुकडे कर ना. नाहीतर कॉम्प्रेस कर.”

तुकडे केले तर एक संपला की टीव्ही थांबतो आणि पुढचा निवडा म्हणतो. त्याला रिमोट लागतो. तिची बोटं दुधाची. रिमोटला मुंग्या लागतील. आणि खरं सांगायचं तर दुपारीचे तुकडे करायचे म्हणजे कुठे करायचे? शिंकेच्या आधी की नंतर? दाबून लहान करून पाहिली. तर पांढऱ्या लुगड्यावरचा पांढरा कापूस धुक्यात गेला. मी नुसतीच हात हलवत बसले होते, वेड्यासारखी. वात दिसली नाही तर समोरचीला त्यात काय राम?

मग उरल्या दोन रीती. एक एनटीएफएस, दुसरी एक्सफॅट. दोन्हींची दारं मोठी. मी एक्सफॅट निवडली. कारण विचाराल तर ती नवी होती, पेनड्राइव्हसाठीच काढलेली होती आणि विंडोज असो की दुसरं काही, सगळीकडे चालते असं मी वाचलं होतं. खरं कारण असं की स्वेटरवाली जागी झाली होती. तिला जुनं काही चालत नाही. आम्हा दोघींचे टीव्ही बाड्यावरच्या एकाच दुकानातून, एकाच दिवाळीत, भाव करायला सोपं जावं म्हणून जोडीने घेतलेले. तसाच टीव्ही माझ्या पुढ्यात होता. आधी त्यात लावून बघावं, एवढी अक्कल तिला सुचली नाही. तज्ज्ञ माणसं तपासत नाहीत.

समोरचीचा एक भाचा मुरारला असतो, कामासाठी त्याच्या बंगळूरूला फेऱ्या होतात. एका लहान स्टीलच्या डबीत कापूस घालून, त्यात पेनड्राइव्ह निजवून मी त्याच्याकडे दिली. बरोबर गजकाचा पुडा.

“मावशी, ह्यात काय? सोनं आहे का?” त्याने डबी हलवून विचारलं.

“दुपार आहे,” मी म्हटलं. त्याने मान हलवली. म्हाताऱ्यांपुढे पोरं हलवतात तशी.

फोन आला तो चार दिवसांनी.

“गजक छान होता,” समोरची म्हणाली. “पण तुझं ते लागत नाहीये. टीव्ही म्हणतो, ओळखत नाही.”

“कुणाला?”

“तुला. आणखी कुणाला?”

मागून सून म्हणाली, “काकू, मैं लॅपटॉपवर लावून देते ना आईंना.”

“लॅपटॉप मांडीवर घेऊ तर कापूस कुठे घेऊ? डोक्यावर?” समोरची तिला म्हणाली. मग मला, “परत पाठवते. नीट करून दे.”

त्या दिवशी मी दुसरा एक जुना, लहानसा पेनड्राइव्ह काढून माझ्या टीव्हीत एकेक रीत लावून पाहिली. फॅट थर्टीटू त्याला कळायची. एनटीएफएस कळायची. एक्सफॅट म्हटलं की म्हातारा बावचळायचा. ती रीत टीव्हीच्या वेळी नवी होती, त्याला कुणी शिकवलीच नाही. दोष त्याचा नव्हता. त्या छोट्यात दुपार मावणारी नव्हती, म्हणून निळा परत येईपर्यंत थांबले. त्या काळात रोज दुपारी गॅलरीत बसायचे खरी, पण हात चालायचे नाहीत. नुसती वळलेली वात कुणाला दाखवायची? उलट्या बाईला?

भाचा डबी घेऊन आला, चहा न घेताच गेला. डबी उघडली तर वर ओल्या नारळाच्या चार वड्या, केळीच्या पानात बांधलेल्या, आणि खाली कापसात निळा पेनड्राइव्ह. मला हसू आलं. आमच्या दोन घरांत डबा कधी रिकामा परत गेला नाही. मी आमटी दिली तर त्याच भांड्यातून चटणी यायची, काहीच नसलं तर चमचाभर साखर. एवढ्या लांबून, न चाललेल्या पेनड्राइव्हच्या डबीतूनसुद्धा तिने वड्या धाडल्या. एक तोंडात टाकली, दुसऱ्या हाताने पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला आणि फॉरमॅट दाबलं.

त्याने विचारलं, आतलं सगळं पुसलं जाईल, चालेल? चालेल. आत माझीच दुपार आहे, मूळ माझ्याकडे आहे. मी डोकावले नाही. सरळ साफ केलं. एनटीएफएस, झटपट फॉरमॅट. वडी संपायच्या आत काम झालं. मग नव्याने दुपार चढवायला लावली. हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती आणि मी दुसरी वडी तोडत होते, तेवढ्यात तिचा फोन.

“मिळालं?”

“मिळालं. वड्या फर्मास.”

“वड्या सोड. बघितलंस का?”

“काय?”

मी पट्टीकडे बघत होते. अर्ध्याच्या जरा अलीकडे होती.

“पेनड्राइव्हवर,” ती म्हणाली. “तुझी टीव्हीत दिसेना, म्हणून मग मीच बसले. सुनेने मोबाईल लावून दिला. तुझ्यासारखीच. अख्खी दुपार.”

वडी माझ्या टाळ्याला चिकटली. आणि या वयातसुद्धा, पाहा, पहिल्यांदा तोंडातून काय निघालं?

“हो हो! बघितली ना. छान आहे.”

“असं? मग सांग, मी मधेच उठून काय केलं?”

“चहा घेतलास.”

“तो तर घेतेच. त्याच्या आधी?”

“…पदर सावरलास.”

“नाही बघितलीस तू,” ती म्हणाली. रागाने नाही. सरकी निघाली की ती बाजूला ठेवतात तशा आवाजात. “बघ आणि मग सांग. आणि ऐक, मी परत नाही बसणार हं. पहिल्यांदा बसले ती तुझ्यासाठी बसले. आता बसले तर कॅमेऱ्यासाठी बसल्यासारखं होईल.”

फोन ठेवला. मी हिरवी पट्टी थांबवली. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदाच काहीतरी अर्ध्यावर थांबवलं.

डबा रिकामा येत नाही, हे मला माहीत होतं. वड्या दिसल्या आणि मी समजले की डबीचं देणं फिटलं. पेनड्राइव्ह हाही डबाच, त्याच्यातही काही घालून पाठवलं असेल, हे त्या साफसफाईवालीला सुचलं नाही. सुचलं असतं समोरचीला. सुचलंच होतं.

आता माझी विद्या पणाला लागली. एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. झटपट फॉरमॅटने आतलं सामान जात नाही. दारांवरच्या पाट्या निघतात. कुठे काय आहे हे कुणाला सांगता येत नाही, पण माणसं आपापल्या खोलीत बसलेली असतात. त्यांच्या अंगावर दुसऱ्या कुणाला आणून बसवलं की मग मात्र संपलं. आणि मी नेमकं तेच करत होते. तिच्या दुपारीवर माझी दुपार पसरत होते. निदान पहिल्या खोल्यांत माझीच जुनी दुपार होती, तेव्हा माझ्यावर मी किती बसले आणि तिच्यावर किती, एवढाच प्रश्न होता.

म्हणून पहिला नियम, त्याच्यावर आता एक अक्षरही लिहायचं नाही. पेनड्राइव्ह व्यवस्थित काढला आणि तळहातावर धरून बसले. हरवलेल्या फाइली शोधणारा एक फुकट प्रोग्रॅम असतो, तो लॅपटॉपमध्ये घेतला. मग पेनड्राइव्ह पुन्हा लावला आणि सांगितलं, शोध, पण जे सापडेल ते इथे लॅपटॉपवर ठेव, तिकडे हात लावू नको. मशीनला सांगताना मी मोठ्याने सांगते. एकटं राहिलं की अशा सवयी लागतात.

शोधायला त्याने ती संध्याकाळ घेतली. मी स्वयंपाक केला नाही. उरलेल्या वड्यांकडे बघितलंही नाही. स्वेटरवाली मात्र गप्प बसेना. ती आतून म्हणत होती, सापडेल, आपल्याला येतं हे. तिला म्हटलं, तू आता एक शब्द बोलू नकोस.

दोन फाइली निघाल्या. नावं गेलेली, नुसते आकडे. पहिली उघडली तर उघडेना, ती मी होते. माझ्यावर मीच बसले होते. दुसरी मी त्या दिवशी उघडली नाही. ती दुपार होती, ती दुपारीच बघायची.

दुसऱ्या दिवशी जेवण उरकलं, लॅपटॉप गॅलरीच्या दाराशी आत स्टुलावर ठेवला, समोर सतरंजी टाकली, कापूस घेतला, वाटीत दूध घेतलं आणि लावलं.

“आई, चालू झालं हं,” सुनेचा आवाज.

“मग जा आता,” समोरची म्हणाली.

आणि ती बसली. मान बारीक झालीय तिची. तिच्या मागे तिचा टीव्ही दिसत होता, निळा, मला न ओळखणारा. खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. तिने शेजारी एक पाट ठेवला होता, त्याच्यावर कुणी नव्हतं, पण पुढ्यात कापसाचा एक ढीग काढून ठेवला होता. माझ्या वाटणीचा. ती वळायला लागली. मीही लागले. तिचा हात माझ्याहून हळू चालत होता, पूर्वी उलटं असायचं. मी माझा हात हळू केला. बाहेर तिच्याकडे कुणीतरी कानडीत काहीतरी विकत गेलं. माझ्याकडे टेम्पो गेला. तिने म्हटलं, “हं.” मी म्हटलं, “हो ना.”

मग चित्र थबकलं. मी जिथे तिच्यावर पाय दिला होता ती जागा आली असावी. तिचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटला आणि राखी रंगात अडकून बसला. आवाज मात्र येत होता. मी लॅपटॉपला हात लावला नाही, वाती वळत राहिले. तिच्या शेजाऱ्यांचा मिक्सर. तिचा खोकला. पाट सरकल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. माझी नजर कापसावर होती आणि ऊन पायांवर आलं होतं.

टण टण.

मी उठले. हातातला पेळू सतरंजीवर ठेवला, चपला घातल्या, जिन्याकडे वळता वळता सवयीने गॅलरीत गेले आणि हात वर केला, आले म्हणायला.

समोर उलटी बाई केस उडवत होती.

मी तशीच कठड्याला धरून उभी राहिले. खाली एकाने वर बघितलं, त्याला वाटलं त्याला हात केला. त्यानेही केला. मी आत आले तेव्हा चित्र पुन्हा नीट झालेलं होतं. ती पाटाशेजारी बसून बशीतून चहा पीत होती आणि वाटी तिच्या पायाशी होती. खिडकीचे गज दिसत होते, त्यांच्यावरच वाजवली असणार. पुढे ती पुन्हा वळायला लागली. शेवटपर्यंत तिने त्या खिडकीकडे बघितलं नाही.

सगळी संपल्यावर फोन केला. सुनेने उचलला आणि तिला दिला.

“सांग,” ती म्हणाली.

“वाटी वाजवलीस.”

“हं.” मग, “आलीस का?”

“आले होते. गॅलरीपर्यंत.”

ती काही बोलली नाही. मीही नाही. माझ्याकडे कबुतर येऊन बसलं. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली.

“हॅलो? काकू?” सून धावत आल्यासारखी. “कट गया क्या?”

“नाही कटलं,” समोरची तिला म्हणाली. “तू जा.”